"लारा आहे का?" असं विचारलं की कुठली लारा द्यायची? – गेम, कव्हर आणि आपली नजर

जुना_सायबरवाला | शनि, रात्री १०.५०

परवा माळा आवरताना एक वही सापडली. लाल कापडी पाठ, दोनशे पानी, वर माझ्याच अक्षरात 'सीडी भाडे'. २००५ च्या पुरात मारुती चौकातल्या आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. मशीन गेली, चकत्या गेल्या. ही वही वरच्या फळीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी होती म्हणून राहिली.

नव्या मंडळींसाठी थोडं. २००१ ते २००५ मी सांगलीत सायबर कॅफे चालवला. सहा मशीन, तासाला वीस रुपये, आणि भिंतीला सीड्यांचा रॅक. सीडी दिवसाला दहा रुपये, डिपॉझिट पन्नास. सगळ्या राइट केलेल्या. (चोरीचा माल होता, मान्य. त्यावर वेगळा धागा काढा, तिथं येऊन कान पकडतो.) गिऱ्हाईक म्हणजे विश्रामबागेतली इंजिनिअरिंगची पोरं, दोन-तीन बँकवाले आणि एक दंतवैद्य. ते दवाखाना बंद करून, गल्लीत कुणी नाही बघून आत शिरायचे.

कव्हर मी स्वतः करायचो. नेटवरून चित्र उतरवायचं, हरभट रोडला जाऊन कलर झेरॉक्स काढायची, कात्रीनं कापून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवायची. कलर झेरॉक्स तेव्हा महाग. त्यामुळं कुठल्या गेमवर रंगीत पैसे घालायचे आणि कुठल्यावर नुसतं स्केचपेननं नाव लिहायचं, हा धंद्यातला मोठा निर्णय. 'टूम रेडर' गेमची नायिका लारा क्रॉफ्ट, तिच्यावर डोळे झाकून घालायचो. दोन पिस्तुलं, आखूड चड्डी, लांब वेणी. रॅकच्या तिसऱ्या फळीवर दाराकडं तोंड करून, म्हणजे उभ्या माणसाच्या बरोबर नजरेसमोर.

'टूम रेडर' १९९६ चा, इंग्लंडातल्या डर्बी गावच्या कोअर डिझाइन कंपनीचा. (आम्ही सगळे 'टॉम्ब' म्हणायचो. त्यातला 'ब' गिळायचा असतो हे मला चाळिशीत कळलं.) तिला घडवणारा टोबी गार्ड पहिल्या गेमनंतर कंपनी सोडून गेला. जाहिरातवाल्यांनी तिला ज्या रंगात विकायला काढलं ते त्याला पटलं नव्हतं. १९९७ मध्ये ती 'द फेस' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. आणि २०१० मध्ये डर्बीत लोकांची मतं घेऊन एका रस्त्याला तिचं नाव दिलं. आपल्याकडं चौकाच्या नावावरून काय काय होतं ते आठवून बघा.

तर एकदा एक पोरगा आला, मान खाली घालून म्हणाला, "लारा आहे का?" मी निमूट 'ब्रायन लारा क्रिकेट' काढून दिली. त्यानं बघितलं, मी बघितलं. मागं दोन मित्र उभे होते, त्यामुळं "ही नव्हे, ती" म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. घेऊन गेला. वहीत नोंद आहे: नेली सोमवारी, आणली पुढच्या सोमवारी. सात दिवस ब्रायन. मग परत येऊन तिसऱ्या फळीवरची मागितली. ती नेली मंगळवारी, आणली बुधवारी.

वहीभर हेच आहे. लाराची चकती सगळ्यात जास्त वेळा बाहेर गेली आणि सगळ्यात लवकर परत आली. अपवाद होते, आणि ते मला नावानिशी आठवतात (सांगणार नाही). ज्याला ती उडी जमली तो दहा-पंधरा दिवस चकती सोडायचा नाही. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे. कड्याच्या टोकाशी जायचं, एक टुणकन उडी मागं मारायची, मग पळत सुटायचं आणि टोकाला बरोब्बर उडी. ती सगळी जमीन चौकटींची होती, एक मागची उडी म्हणजे मोजून एक चौकट. हे गणित कळलं की माणूस लाराकडं बघायचाच थांबतो. तो फरशीकडं बघत बसतो. दंतवैद्य तर तोंडानं "एक... आणि जा" म्हणायचे. पेशंटला "आ" करायला सांगतानाही तसंच म्हणत असतील असं मला वाटायचं.

आता माझं एक पाप. २००३ च्या उन्हाळ्यात एक गोल्फचा गेम आला, सहा महिने कुणी हात लावला नाही. माझ्याकडं दुसऱ्याच एका मारामारीच्या गेममधल्या बाईचं रंगीत झेरॉक्स उरलेलं. दिलं सरकवून. पहिल्याच दिवशी चकती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, दहा रुपये परत मागत. मी दिले नाहीत. तिसऱ्याला दिली, तो भांडला. चौथ्याला मात्र गोल्फ आवडला! तो माणूस आजही भेटला की "ती बाई कुठाय" म्हणून विचारतो, पण त्यानं तो गेम तीन आठवडे ठेवला होता.

तर प्रश्न असा. गेम निवडताना समोरचं पात्र देखणं आहे, मादक आहे, याचा तुमच्यावर किती परिणाम होतो? पुरुष-बायका दोघांनी लिहा. वही माझ्याजवळ आहे, थापा पचणार नाहीत.

---

भडंग_एक्स्ट्रा_तिखट | शनि, रात्री ११.०२

पहिला. पॉपकॉर्न नको, नावाला जागून भडंग घेऊन बसलोय.

त्या सोमवारच्या पोराचं नाव 'स' वरून सुरू होतं का हो काका? नाही म्हणजे सहज विचारतोय. मित्राबद्दल.

---

आयर्विन_पूल | शनि, रात्री ११.२०

काका नाद खुळा लिवलंय. पण आता जमाना बदलला असं नाही वाटत. मी 'स्टेलर ब्लेड' कशासाठी घेतला? खोटं कशाला बोलू, ट्रेलर बघून. २०२४ च्या एप्रिलला प्लेस्टेशनवर आला, कोरियाच्या शिफ्ट अप कंपनीचा. त्यातली नायिका ईव्ह एका खऱ्या कोरियन मॉडेलचं अंग स्कॅन करून बनवलीय. दोन महिन्यांत दहा लाख प्रती खपल्या. आणि लोक म्हणत्यात सेक्स अपील चालत नाही. चालतंय की लगा, पळतंय!

उलट बघा. त्याच वर्षी ऑगस्टला 'कॉनकॉर्ड' आला, टोळ्याटोळ्यांनी गोळीबार करायचा गेम. पात्रं बघितली की जेवण जात नव्हतं. दोन आठवड्यांत दुकान बंद, पैसे परत. आणखी काय पुरावा पाहिजे?

---

इस्लामपूरकर | शनि, रात्री ११.५८

मी पुण्यात गेम आर्टमध्ये आहे, पात्रांचे मॉडेल करतो. आयर्विनभाऊ, 'कॉनकॉर्ड' चाळीस डॉलरला विकत होते, आणि शेजारी त्याच जातीचे गेम फुकट. जिथं शेजारच्या गाड्यावर वडापाव फुकट वाटतात तिथं तुम्ही पैसे मागितले, तर आचारी देखणा असून काय उपयोग? पात्रं अनाकर्षक होती हे मलाही मान्य. पण तेवढ्यानं बुडाला म्हणणं म्हणजे पंचनाम्यात एकाच साक्षीदाराचं ऐकणं.

'स्टेलर ब्लेड' पूर्ण केलात ना? मग सांगा, तिसाव्या तासाला तुम्ही ईव्हकडं बघत होता की समोरच्या राक्षसाच्या हाताकडं?

---

आयर्विन_पूल | रवि, रात्री १२.०४

राक्षसाच्या हाताकडं 😄 वार अडवायची वेळ चुकली की मेलोच. पण कपडे सगळे गोळा केले, एक सोडला नाही. कोपरान् कोपरा हुडकला.

---

इस्लामपूरकर | रवि, रात्री १२.३१

बघा, इथं खरी गंमत आहे. कपडे कोपऱ्यात लपवले म्हणून तुम्ही कोपरे हुडकले. ही युक्ती फार जुनी. निन्टेन्डोचा 'मेट्रॉइड' १९८६ चा. अख्खा गेम तुम्ही चिलखतातल्या एका योद्ध्याला खेळवता. शेवटी शिरस्त्राण निघतं आणि कळतं की ही बाई आहे, सॅमस. पण ते कधी? गेम लवकर संपवला तर. पाच तासांच्या आत संपवला तर चेहरा, तीनच्या आत तर चिलखत नाही, आणि एका तासाच्या आत तर बिकिनी. म्हणजे कौशल्याचं बक्षीस म्हणून अंग. लोकांनी घड्याळ लावून गेम खेळायला सुरुवात केली. आज ते वेगानं गेम संपवायचे जागतिक विक्रम करतात, त्यात बिकिनीचं कुणाला काही पडलेलं नाही, पण घड्याळ राहिलं.

आता आतली एक गोष्ट सांगतो, बाहेर कुणी सांगत नाही. गेममधल्या बायका घट्ट कपड्यांत का असतात? नजर हे कारण आहेच. दुसरं कारण आळस. सैल कापड हलवणं महाकठीण. पाय उचलला की गुडघा परकरातून आरपार बाहेर येतो. ते टाळायला एकेका कपड्यावर आठवडे जातात. अंगासरशी सूट घातला की प्रश्न मिटला, कातडीलाच रंग दिला असं समजा. मी एकदा हौसेनं नऊवारीतली योद्धा केली होती. काष्टा झक्क जमला, धोतरच ते, दोन पाय वेगळे. पण पदर! पळताना तलवारीत अडकतो, उडी मारली की डोक्यात घुसतो, बसली की जमिनीत गाडला जातो. शेवटी पदर कमरेला खोचून टाकला. तेव्हा कळलं, आज्या उगाच खोचत नव्हत्या.

---

मंजिरी_मिरज | रवि, सकाळी ९.१५

सगळे पुरुष लारा नि ईव्हवर बोलताहेत, म्हणून मी कबुली देते. वय एक्केचाळीस, कॉलेजात शिकवते, नवरा आहे, मुलगा दहावीला आहे, आणि गेलं दीड वर्ष मी 'लव्ह अँड डीपस्पेस' हा मोबाइल गेम खेळते. जानेवारी २०२४ मध्ये आला. त्यात सुरुवातीला तीन देखणे पुरुष होते, मग वाढवले. त्यातला झेन डॉक्टर आहे, हृदयाचा. लढाया आहेत, कथा आहे, पण मी ते सगळं उरकते. मी झेनसाठी जाते.

हा प्रकार बायकांसाठी नवा नाही. जपानमध्ये १९९४ साली कोएई कंपनीच्या रुबी पार्टी या गटानं 'अँजेलिक' काढला, नायिका तुम्ही आणि भोवती राजबिंडे पुरुष. अशा गेमांना तिकडं 'ओटोमे' म्हणतात. तर पुरुषांना दिसण्याचं वेड आणि बायका कथेसाठी खेळतात, हा समज कृपया विसर्जित करावा. गणपतीचं विसर्जन असतं तसं, वाजत-गाजत.

पण आता बघा मला काय बांधून ठेवतं. त्यात एक सोय आहे. तुम्ही काम करायला बसलात की तो शेजारी येऊन बसतो आणि आपलं काहीतरी वाचत राहतो. घड्याळ चालू. मागच्या सत्रात मी पेपर तपासत होते. टेबलावर गठ्ठा, त्याला टेकवून फोन, फोनमध्ये झेन. पंचवीस मिनिटं तो एक अक्षर बोलला नाही. "चहा झाला का" नाही, "माझा पांढरा शर्ट कुठंय" नाही. सेक्स अपील म्हणजे काय असं मला विचाराल तर ती पंचवीस मिनिटं.

पैसे घातले का? हो. किती? मुलगा हा धागा वाचू शकतो म्हणून सांगत नाही.

---

भडंग_एक्स्ट्रा_तिखट | रवि, सकाळी ९.२२

मंजिरीताई, शेवटचा परिच्छेद बायकोला वाचून दाखवला. ती फोन घेऊन आत गेलीय, 'तो गेम कसा टाकायचा' विचारतीय. जुना_सायबरवाला काका, ही जबाबदारी तुमची.

---

अंदाजपंचे | रवि, सकाळी ११.४०

सांख्यिकी शिकवतो, त्यामुळं मला रसभंग करायचा हक्क आहे.

काकांच्या वहीला शास्त्राची साथ आहे, थोडी वाकडी. ख्रिस्तोफर निअर यांचा २०१३ चा एक अभ्यास आहे. २००५ ते २०१० मधल्या ३९९ गेमांची कव्हरं घेतली आणि त्यांचा विक्रीशी मेळ घातला. निघालं असं, की कव्हरवर बाई मादक रूपात आणि बाजूला, म्हणजे मुख्य पात्र नसताना असेल, तर विक्री जास्त. आणि बाई मध्यभागी असेल, किंवा पुरुषाशिवाय एकटीच असेल, तर विक्री कमी. मध्यभागातली बाई मादक असो वा नसो, फरक नाही.

परत वाचा. शोभेला बाई चालते, नायिका चालत नाही. २०१३ च्या 'जीटीए पाच' या गेमचं पोस्टर आठवा. समुद्रकिनारी बिकिनीतली बाई फोननं स्वतःचा फोटो काढतेय. खेळायला मिळतात तीन पुरुष. कथेत तिला काडीचं काम नाही.

पण सांभाळून. हा संबंध आहे, कारण नव्हे. कंपन्यांना आधीच वाटत असेल की नायिकेचा गेम खपत नाही, तर त्यांनी जाहिरातीला पैसे कमी सोडले असतील, आणि मग खरंच खपला नसेल. सासूनं आधीच ठरवलं सुनेला स्वयंपाक येत नाही आणि तेल मोजून दिलं, असा प्रकार. त्यानंतर २०१७ मध्ये 'होरायझन झीरो डॉन' आला. नायिका अलॉय अंगभर कातडं आणि दोऱ्या गुंडाळलेली. दोन कोटींच्या वर प्रती गेल्या.

दुसरं, जाहिरातींवरचं. जॉन विर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ७८ अभ्यास एकत्र करून बघितले. मादक जाहिरात लोकांच्या लक्षात राहते. जाहिरात कशाची होती ते राहत नाही. आणि ती वस्तू विकत घ्यायची इच्छा? काही फरक नाही. गोल्फच्या चकतीवरची बाई त्या माणसाला वीस वर्षांनी आठवते. गोल्फच्या गेमचं नाव आठवतं का हो काका त्याला?

---

जुना_सायबरवाला | रवि, दुपारी १२.०५

सर, आत्ता फोन केला त्याला. नाव आठवत नाही म्हणाला. बाईच्या ड्रेसचा रंग सांगितला. लाल. वहीत मीही नुसतं 'गोल्फ' लिहिलंय.

---

वाळव्याचा_वाघ | रवि, दुपारी १.३०

सगळं गमतीत चाललंय. पोरांच्या हातात काय जातंय कुणी बघायचं? असले गेम खेळून बायांकडं बघायची नजर बिघडते. ह्यावर बोला की.

---

अंदाजपंचे | रवि, दुपारी २.१०

वाघसाहेब, काळजी रास्त आहे. एवढंच सांगतो, क्रिस्टोफर फर्ग्युसन आणि इतरांनी २०२२ मध्ये यावरचे अभ्यास एकत्र तपासले. मादक पात्रांचे गेम आणि खेळणाऱ्यांची बायकांबद्दलची वृत्ती यांत भरवशाचा संबंध त्यांना सापडला नाही. लहान पोरांच्या हातात मोठ्यांचा गेम देऊ नये यावर दुमत नाही, पाकिटावर वय लिहिलेलं असतं ते वाचावं.

आणि तुमची भीती ज्या काळातली आहे तो काळ मागं पडलाय. टेरेसा लिंच यांच्या गटानं २०१६ मध्ये ५७१ खेळता येणारी स्त्रीपात्रं मोजली, १९८३ ते २०१४ मधली. मादकपणा नव्वदच्या दशकात शिगेला होता, २००६ नंतर उतरत गेला. म्हणजे काकांचा रॅक हा उतार लागायच्या आधीचा. मारामारीच्या गेमांत सगळ्यात जास्त.

---

गौरी_वि | रवि, दुपारी ३.४५

आकडे बाजूला ठेवून मैदानातलं सांगते. मी बीजीएमआय खेळते, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली तेव्हा रडले होते, २०२१ च्या जुलैत हा आल्यावर पहिल्या दिवशी टाकला.

मी पुरुषाचं पात्र घेते. माईक बंद. कारण बाईचं पात्र आणि बाईचा आवाज दोन्ही असलं की खेळ संपतो आणि "हाय डिअर, कुठली तू" सुरू होतं. मी कोल्हापूर रोडवर दोन किलोमीटरवर बसलेय असं कळलं तर गाडी काढतील अशी एकेक पोरं.

पण माझ्या स्क्वाडमध्ये बाईची पात्रं घेऊन खेळणारे नव्वद टक्के दादाच! कारण विचारलं की सांगतात, "बारीक असते, गोळी कमी लागते." सगळा फुकाचा समज. खरं कारण मी बघितलंय. ओळख नसलेल्या स्क्वाडमध्ये दोघं एकदम पडले, एक पुरुष नि एक बाई, तर सगळे आधी बाईला उठवायला पळतात. धूर टाकतात, स्वतः गोळ्या खातात, औषध समोर टाकतात. आणि मग बाई माईक उघडते, "भावा, सात-बासष्टच्या गोळ्या हायत का रं?" त्यानंतरची शांतता ऐकण्यासारखी असते.

---

पलूसचा_प्रेक्षक | रवि, सायं. ६.२०

वय पासष्ट. गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, नातवामुळं धागा वाचला. पण गौरीताईंनी लिहिलेलं वाचून वाटलं, हे आमच्याच तालुक्यातलं आहे.

बालगंधर्व १८८८ चे, आमच्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. पुरुषानं बाईचं रूप घ्यायचं आणि हजार पुरुषांनी ते डोळे भरून बघायचं, बायकांनी घरी जाऊन तसंच नेसायचं. माझे आजोबा सांगायचे, पहिल्यांदा लोक शालू बघायला यायचे. पण 'वन्समोअर' शालूला मिळत नाही. तो गाण्याला मिळायचा. रात्र रात्र. पुढं वय झालं, अंग सुटलं, तरी माणसं आवाजाला येत राहिली.

सायबरवाल्यांच्या वहीत तेच दिसतंय असं मला वाटलं. चुकत असेन तर नातू दुरुस्त करील.

---

मंजिरी_मिरज | रवि, सायं. ६.४१

काका, नमस्कार तुम्हाला. 'वन्समोअर शालूला मिळत नाही.' हे मी वर्गात वापरणार, नाव तुमचंच सांगेन.

फक्त एक टोचणी. शालू नसता तर पहिल्या रात्री तिकीट काढलं असतं का त्यांनी? झेन दिसायला सुमार असता तर मी ती पंचवीस मिनिटांची सोय शोधेपर्यंत थांबलेच नसते.

---

इस्लामपूरकर | रवि, सायं. ७.३०

मंजिरीताईंशी सहमत, आणि धंदेवाले हेच ओळखून आहेत. २००९ मध्ये 'एव्होनी' नावाचा ब्राउझरवरचा गेम होता. आत काय? शहर बांधा, गहू पिकवा, फौज उभी करा. जाहिरातीत काय? आधी साधंच चित्र, मग एक बाई आणि दिवसेंदिवस तिचे कपडे कमी, शेवटी नुसतीच छाती आणि 'या, खेळा महाराज' अशा अर्थाची ओळ. गेममध्ये ती बाई कुठंच नाही. सायबरवाल्या काकांनी हे सहा वर्षं आधी मारुती चौकात करून दाखवलं होतं, पेटंट घ्यायला पाहिजे होतं.

पण आताच्या फुकट मोबाइल गेमांत शालू आणि गाणं वेगळं राहिलेलं नाही. पात्रच विकायला आहे. 'निक्के' बघा, नोव्हेंबर २०२२ चा, शिफ्ट अपचाच. आडोशामागं उभं राहून गोळ्या झाडायच्या, आणि पात्र तुम्हाला पाठमोरं दिसतं. कॅमेरा कुठं ठेवलाय ते विचारू नका. नवी पात्रं मिळवायला सोडत. पैसे टाका, दांडा फिरवा, निघाली तर निघाली. जत्रेतला रिंग टाकायचा खेळ, फक्त साबणाऐवजी पात्र. तिथं माणूस रोज निवडतो. रोज नवं कव्हर येतं. वही लिहायला काकांना दिवसातून चार वेळा बसावं लागलं असतं.

---

तासगाव_द्राक्षे | रवि, रात्री ८.१२

आमच्या घरात सगळ्यात जास्त खेळला गेलेला गेम लुडो किंग. लॉकडाऊनमध्ये आई, बायको, चुलता, सगळे. त्यात कुठली बाई आहे सांगा. सोंगटी आहे. चुलत्यानं लाल सोंगटीसाठी भांडण काढलं होतं, पण ते वेगळं.

---

भडंग_एक्स्ट्रा_तिखट | रवि, रात्री ८.१५

लाल. अंदाजपंचे सर, नोंद घ्या. गोल्फवाल्या बाईचा ड्रेसपण लालच होता.

---

जुना_सायबरवाला | रवि, रात्री १०.४०

एक राहिलं होतं, पलूसच्या काकांमुळं आठवलं. सिएरा कंपनीचा १९८७ चा 'लीझर सूट लॅरी'. टकला, चाळिशीला टेकलेला, बायांच्या मागं लागणारा माणूस. चावट म्हणून फार नाव होतं. डॉसवर चालायचा. पण सुरुवातीलाच वय तपासायला प्रश्न, पोरांना येऊ नयेत आणि मोठ्यांना यावेत असे. अमेरिकेतले जुने पुढारी, तिथल्या टीव्ही मालिका. दंतवैद्य, दोन बँकवाले आणि मी, चौघं मिळून एकशेसाठ वर्षांचं वय, आणि सांगलीत बसून सपशेल नापास! यंत्रानं आम्हाला अल्पवयीन ठरवून बाहेर काढलं. त्या दिवशी तासभर आम्ही गेमपेक्षा त्या प्रश्नांचाच अभ्यास केला. वहीच्या शेवटच्या पानावर उत्तरं लिहिलेली आहेत, अजून वाचता येतात. पुढचा गेम कुणाला धड आठवत नाही.

आणि आज संध्याकाळी पुतण्याला बसवून बघितलं. वय बावीस, बीजीएमआयवाला. तो बाईचं पात्र घेतो. विचारलं, का रे? "गवतात लपायला बरं पडतं काका." बरं म्हटलं. मग त्यानं कपडे निवडायला घेतले. गौरीताई, मी घड्याळ लावलं. अठरा मिनिटं. जांभळा झगा घालून बघितला, काढला. पांढरे बूट. चष्मा. केस बदलले, पात्र गोल फिरवून मागून बघितलं. मित्र फोनवर शिव्या घालतायत, "ये की लवकर". "दिसायला पण बरी पाहिजे ना," म्हणाला, माझ्याकडं न बघता.

मग उतरला मैदानात. पळत एका माळावर गेला आणि पालथा पडला. चारी बाजूंनी गवत. बूट नाही, झगा नाही, बाई नाही, पडद्यावर नुसती हिरवी पाती आणि बंदुकीची दुर्बीण. वीस मिनिटं हलला नाही.

मी म्हटलं, अरे, एवढी नटवली, दिसतेय कुठं?

"गप की काका, पावलं ऐकू येतायत," म्हणाला.